पीसीओएस आणि बाळाचा विचार: थेट आयव्हीएफ, की आधी गोळ्या? (पुणे)

सिंहगडरोडकरीण

नमस्कार. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, तोही असल्या विषयावर. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ३१, नवरा ३४. दोघंही आयटीत, तो हिंजवडीला, मी खराडीला, आणि राहतो सिंहगड रोडला. (अर्धं आयुष्य रस्त्यातच जातं हे वेगळं सांगायला नको.) पीसीओडीचं (म्हणजेच पीसीओएस, बीज वेळेवर पिकत नाही आणि पाळी लांबते) निदान कॉलेजात असतानाच झालं होतं. पाळी कधी ४० दिवसांनी, कधी ६५. तेव्हाच्या डॉक्टरांनी पाळी नियमित यायच्या गोळ्या दिल्या आणि "लग्न झालं की बघू" म्हणून वाटेला लावलं. आता मूल हवं असं ठरवून वर्ष उलटून गेलंय. वजन तसं बेताचं आहे, बीएमआय २३च्या आसपास. पण पोट सुटलंय आणि हनुवटीवर केस येतात.

मध्यंतरी एका नावाजलेल्या सेंटरला गेलो. सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) ९च्या वर आलं. डॉक्टर जेमतेम पाच मिनिटं भेटल्या. मग एका काउन्सेलर बाईंनी आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) पॅकेजचा कागद समोर ठेवला, हप्त्यांची सोयसुद्धा. "एवढं एएमएच आहे, आता वेळ घालवू नका." नवऱ्याची एकही तपासणी झालेली नाही, माझ्या गर्भनळ्या बघितलेल्या नाहीत.

पीसीओएस असलं की सरळ आयव्हीएफच करावं लागतं का? गोळ्यांवर कोणाला दिवस राहिलेत का? ओव्ह्युलेशनच्या (बीज कधी सुटतं ते दाखवणाऱ्या) पट्ट्या आणल्या होत्या, तर त्या रोजच दोन रेघा दाखवतात. आणि सासूबाईंना काय सांगायचं? साताऱ्याला गेलं की प्रत्येक हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना बायका एकमेकींकडे बघतात, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

टेकडीवाली

आधी शांत हो. आणि त्या कागदावर सही केली नसशील तर करू नकोस एवढ्यात.

एएमएच जास्त म्हणून घाई करा, हे गणित उलटं आहे. कमी असेल तर घाई करतात, कारण बीजांचा साठा कमी असतो. पीसीओएसमध्ये अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) भरपूर असतात आणि एएमएच तेच तयार करतात, म्हणून आकडा वर जातो. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तर प्रौढ बायकांमध्ये निदानासाठी सोनोग्राफीच्या जागी एएमएचही चालतं. म्हणजे तुझा ९ हा आकडा फक्त तुला पीसीओएस आहे एवढंच पुन्हा सांगतोय, जे तुला कॉलेजातच कळलं होतं! साठा तुझ्याकडे भरपूर आहे. बीज वेळेवर पिकून बाहेर पडत नाही, ही अडचण. आणि त्यावर पहिला उपाय गोळ्यांचा आहे, आयव्हीएफचा नाही.

माझं स्वतःचं सांगते. आमच्या बाई (कोथरूडच्या, साध्या क्लिनिकवाल्या) पहिल्याच भेटीत म्हणाल्या, नवऱ्याचा रिपोर्ट आणल्याशिवाय मी एकही गोळी लिहून देणार नाही. मग माझं थायरॉईड, प्रोलॅक्टिन, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर. नुसती उपाशीपोटीची साखर बघून पीसीओएसवालीचं खरं चित्र कळत नाही म्हणाल्या, आणि माझ्या बाबतीत ते तंतोतंत निघालं. उपाशीपोटी छान, दोन तासांनंतरची काठावर.

मग लेट्रोझोल, म्हणजे बीज पिकवायची गोळी. पाळी आपणहून येत नव्हती म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आहे हे बघून आधी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी ती आणली. दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस अडीच मिलिग्रॅमची एकेक गोळी. साधारण बाराव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दिवसाआड आतून सोनोग्राफी. फॉलिकल रोज दीड-दोन मिलिमीटर वाढतं, १८-२०ला पोचलं की ट्रिगरचं इंजेक्शन, त्यानंतर सुमारे ३६ तासांत बीज सुटतं. पहिल्या महिन्यात माझं काही वाढलंच नाही. ५ मिलिग्रॅम केलं, तेव्हा एक वाढलं. त्यातही लगेच राहिलं असं नाही, पुढे काही महिने गेले. लेक आता बालवाडीत आहे.

निमूट

+१. नवऱ्याचा रिपोर्ट आधी. बाकी सगळं नंतर.

साशंक

घाबरवायचं नाही, पण लेट्रोझोल हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध आहे ना? माझ्या मावसबहिणीला दिलं होतं तेव्हा केमिस्टनेच विचारलं, पेशंट कोण आहे म्हणून. भारतात बंदीही होती असं वाचलंय.

गोळीबंद

फार्मसीत काम करते म्हणून लिहिते. दोन्ही खरं आहे. औषध स्तनाच्या कॅन्सरसाठीच आलं. आणि ऑक्टोबर २०११मध्ये आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती. पण ती २०१७मध्ये उठली, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं आणि काही केमिस्टांनाही नसतं.

काम कसं करतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन बनणं थोडे दिवस कमी करतं. मेंदूला वाटतं, अंडाशय ढिले पडलेत. मग तो एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) वाढवतो आणि त्या जोरावर एखादं फॉलिकल पुढे सरकतं. कॅन्सरमध्ये हीच गोळी रोज, वर्षानुवर्षं घेतात. इथे पाच दिवस. तिचा अर्धा भाग साधारण दोन दिवसांत शरीरातून जातो, त्यामुळे बीज सुटून गर्भ रुजायची वेळ येईपर्यंत ती जवळजवळ उरलेली नसते.

पूर्वी बीज पिकवायला सगळीकडे क्लोमिफिन ही गोळी देत. २०१४मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, पीसीओएस असलेल्या ७५० बायकांचा. पाच चक्रांपर्यंत औषध दिलं, तेव्हा लेट्रोझोलवाल्या गटात २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, क्लोमिफिनच्या गटात १९.१ टक्के. त्यानंतर पीसीओएसमध्ये लेट्रोझोल पहिल्या नंबरवर आलं. आकडे नीट बघा मात्र. पाच चक्रांनंतरही तिघींतल्या दोघींहून जास्त जणींच्या हाती बाळ नव्हतं. तेव्हा गोळ्यांच्या पहिल्या पट्टीला पेढे ठरवू नका, आणि पहिला महिना कोरडा गेला म्हणून रडत बसू नका.

आणि कृपा करून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून घेऊ नका. सोनोग्राफी न करता घेतलं तर किती बीजं वाढली हे कळत नाही. जुळ्यांची शक्यता कमी असते, नसतेच असं नाही.

सिंहगडरोडकरीण

टेकडीवाली, गोळीबंद, किती आभार मानू. सही केलेली नाही. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. त्याचं म्हणणं, "माझं काय तपासायचं, मी तर जिमला जातो."

चहा_बिस्किट

इथे बहुतेक मी एकटाच पुरुष दिसतोय, तर त्या जिमवाल्या भाऊंसाठी लिहितो.

मूल होत नाही अशा जोडप्यांत अंदाजे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडे काही ना काही कमी असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. बायकोला पीसीओएस आहे म्हणून नवऱ्याचं सगळं उत्तम, असा काही करार नसतो. तपासणी स्वस्त, रिपोर्ट सहसा एक-दोन दिवसांत. बायकोला मात्र सुया, आतून सोनोग्राफी, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे. तरी आम्ही पुरुष लाजतो.

पद्धत अशी. दोन ते सात दिवस संयम, त्याहून कमी नको, जास्तही नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून नेलात तर तासाभरात पोचला पाहिजे आणि वाटेत गार होता कामा नये, खिशात अंगाशी धरून न्या. सिंहगड रोडवरून संध्याकाळी सहाला निघाल तर विसरा. लॅबची ती खोली म्हणजे एक प्रकरण असतं: बाहेर रिसेप्शनला मराठी मालिका मोठ्याने चालू, आणि दाराला धड कडी नाही. असो. होतं सगळं.

२०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे. त्याखाली आलं म्हणजे संपलं असं नाही, वर आलं म्हणजे हमी नाही. खराब आला तर पुन्हा करायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून मधल्या काळात आलेला मोठा तापही रिपोर्ट बिघडवतो.

आणि जिम. भाऊ, ट्रेनरने "ताकदीचं" इंजेक्शन दिलंय का ते खरं सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर आतला कारखाना बंद करतं आणि शुक्राणू शून्यापर्यंत जाऊ शकतात. दंड पोस्टरसारखे आणि रिपोर्ट कोरा, असा एक जण माझ्या ओळखीत आहे. तंबाखू-सिगरेटबद्दल बोलत नाही, माहीत असतंच सगळ्यांना.

मेथीचे_लाडू

"दाराला धड कडी नाही" 😂😂 आमचे हे ऑफिसच्या ओळखपत्रासकट गेले होते, गळ्यातलं काढायचं विसरले.

सिंहगडरोडकरीण

नवऱ्याने वाचलं. इंजेक्शन वगैरे काही नाही, नुसती प्रोटीन पावडर. जातोय म्हणाला शनिवारी.

पट्ट्यांबद्दल कोणी सांगेल का?

लॅबवाली

पट्टी लघवीतलं एलएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक) मोजते. ज्यांची पाळी नियमित असते त्यांच्यात ते एरवी खाली असतं आणि बीज सुटायच्या आधी एकदम उसळतं. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं एलएच मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी रोज दोन रेघा देते. तुमची पट्टी खराब नाही, तुमच्यासाठी ती फारशी कामाची नाही इतकंच. पैसे वाचवा.

बीज सुटलं का हे पक्कं कळायला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. इथे एक गंमत रोज बघते. चिठ्ठीवर "२१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन" लिहिलेलं असतं आणि बाई ५० दिवसांच्या पाळीतल्या २१व्या दिवशी हात पुढे करून बसते. २१वा दिवस हा २८ दिवसांच्या चक्राचा हिशेब आहे. खरं म्हणजे बीज सुटल्यानंतर साधारण सात दिवसांनी, म्हणजेच पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी बघायचं असतं. ५० दिवसांचं चक्र असेल तर तो दिवस ४३व्याच्या आसपास येईल! २१व्याला केलंत तर आकडा खालीच दिसणार, आणि "तुम्हाला बीजच येत नाही" म्हणून शिक्का बसतो. ३च्या वर आलं तर बीज सुटलंय असं धरतात.

बेसल तापमान (रोज सकाळी उठल्या उठल्या ताप मोजणं) वगैरे करणाऱ्यांना माझा नमस्कार. रात्रपाळी आणि कॉल असलेल्या मुलींना ते जमत नाही, जमलं तरी उशिरा कळतं.

वैद्याची_सून

मला वाटतं सगळे गोळ्यांच्या मागे लागलेत. शतावरी कल्प, फलघृत, आणि आहार सांभाळला तर पाळी आपोआप लागते. आमच्याकडे कितीतरी जणींना गुण आलाय.

गोळीबंद

वैद्य चांगले असतील तर जरूर जा, पण दोन गोष्टी. काय घेताय ते गायनॅकला सांगा, लपवू नका. आणि लेबल नसलेल्या, कागदात बांधलेल्या पुड्या नकोत. त्यात काय आहे कळत नाही, शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि तुम्ही मूल होऊ द्यायच्या विचारात आहात.

इनॉसिटॉल या पूरक पावडरीचंही तेच. हल्ली प्रत्येक चिठ्ठीवर असतं. नुकसान फारसं नाही, पण त्याने मूल राहतं असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा अजून नाही. महागडे सॅशे परवडत नसतील तर अपराधी वाटून घेऊ नका.

वैद्याची_सून

पुड्यांचं मान्य. आमचे सासरेही बाटलीबंदच देतात.

आकडेमोडे

बीएमआय २३ला "बेताचं" म्हटलंय म्हणून लिहितोय. आपल्या लोकांसाठी २३पासूनच जास्त वजन धरतात, २५पासून लठ्ठपणा. पण माझा मुद्दा वजनकाट्याचा नाही.

रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! बाहेरून सडपातळ, आत चरबी, असे आपण. त्यामुळे "तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस" हे वाक्य आपल्याकडे ऐकूच नये. सुटलेलं पोट, मानेवर काळसर मखमली पट्टा, दोन तासांनंतरची चढलेली साखर, या खुणा काट्यापेक्षा जास्त बोलतात.

याच मंडळींचा पुण्याजवळच्या गावांतला अभ्यास १९९३ पासून चालू आहे. गरोदर बायकांमध्ये दोनतृतीयांश जणींचं बी१२ कमी निघालं. आणि ज्यांचं बी१२ कमी पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) सगळ्यात जास्त दिसला. तुमच्याशी संबंध असा की, मूल हवं म्हटलं की सगळ्यांना फॉलिक ॲसिड सुरू होतं (ते हवंच, आधीपासून हवं), पीसीओएसवालीला वर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) मिळतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी१२ उतरतं. त्यात घरी शाकाहार. म्हणून बी१२ची तपासणी सांगून करून घ्या. कोणी आपणहून लिहीत नाही.

टेकडीवाली

हे भारी. माझं बी१२ दीडशेच्या आसपास होतं आणि मी थकव्याला हिंजवडीचा ट्रॅफिक जबाबदार धरत होते.

मेटफॉर्मिनवरून आठवलं. पोट बिघडतं, मळमळतं, हे होतंच सुरुवातीला. जेवणासोबत घ्यायची, ५००ने सुरू करून हळूहळू वाढवायची, आणि नाहीच झेपलं तर हळू विरघळणारी गोळी मिळते, ती मागायची. मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी आपली ऑफिसात लिंबू चाटत बसायचे.

कुडाळची_पुण्यात

खाण्याचं कोणी लिहीलच म्हणून वाट बघत होते. डाएटिशियनने मला भात, पोळी, फळं, दूध, सगळंच बंद सांगितलं होतं. मासे चालतील म्हणाली, तेवढ्यावर मी तिला माफ केलं. पण अमुक एकच आहार पीसीओएसला लागू पडतो असं काही सिद्ध झालेलं नाही, जो वर्षभर टिकेल तो चांगला. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. ८० किलोला ४ ते ८ किलो. साठवर आणायची गरज नाही.

पुण्यात खरा शत्रू उपास आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याची वडी. श्रावणात माझ्या सासूबाई सोमवार, शनिवार, एकादशी सगळं धरायला लावतात. मी वरी-भगर आणि दाण्याच्या आमटीवर तह केलाय, ताटात काकडीची कोशिंबीर ढीगभर.

मेथीचे_लाडू

भगरही शेवटी पिष्टच गं. पण साबुदाण्यापेक्षा बरी. मी उपासच सोडले, "डॉक्टरांनी गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत सांगितलंय" म्हणाले. डॉक्टरांचं नाव घेतलं की आमच्याकडे देवसुद्धा ऐकतात.

सिंहगडरोडकरीण

मेथीचे_लाडू, हे वाक्य मी चोरणार आहे.

तळजाई_पहाटे

सासूबाईंच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, म्हणून लिहिते. मी स्वतः सासू आहे, वय ६३.

अगं, ते तू सांगूच नकोस. तुझ्या नवऱ्याने सांगायचं. आईला मुलाकडून ऐकलेलं वेगळं लागतं. आणि "हिला प्रॉब्लेम आहे" असं नाही, "आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातोय, काही असेल तर आम्हीच सांगू" एवढंच. माझ्या मुलाने मला हे असंच एकदा बजावलं. त्या क्षणी राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर मीच बायकांना हळदीकुंकवात गप्प करू लागले. ओटी भरताना बघणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना स्वतःलाच उशिरा मूल झालेलं असतं, विसरतात.

सासू अगदीच साताऱ्याची असेल तर कडक असेल हो, पण त्याने तिला बाजूला घेऊन बोलावं. औषधाच्या खर्चाचा मात्र हिशेब देऊ नकोस, तो वेगळाच विषय उघडतो.

निमूट

🙏

थांबलेली

लिहू की नको असं चाललं होतं. सगळं "गोळ्या घ्या, होईल" असं दिसतंय म्हणून लिहिते. माझं नाही झालं. लेट्रोझोलवर बीज फुटायचं, छान फुटायचं, पण राहिलं नाही. मग इंजेक्शनं, आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं). नळ्या बघितल्या, मोकळ्या होत्या. (लहानपणी क्षयरोग झाला असेल किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर नळ्यांची तपासणी लवकर करा, पुढे ढकलू नका.) शेवटी आयव्हीएफ.

आयव्हीएफबद्दल पीसीओएसवालीने एक गोष्ट विचारून घ्यावी. आपल्याला बीजं खूप येतात आणि अंडाशय अति चेतवले जायचा धोका असतो. माझं पोट ढोलासारखं फुगलं, दोन दिवसांत वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागायला लागला. सेंटरला फोन केला तर "गॅस असेल" म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. नंतर कळलं की हे टाळायचे मार्ग आहेत: इंजेक्शनांची अँटॅगोनिस्ट पद्धत, एचसीजी या संप्रेरकाऐवजी वेगळं ट्रिगर, आणि त्या महिन्यात गर्भ आत न सोडता सगळे गोठवून ठेवणं. तेव्हा सुरू करायच्या आधी तोंडावर विचारा, "माझं एएमएच एवढं आहे, तुम्ही हे टाळायला काय करणार?" नीट उत्तर आलं नाही तर उठा. आणि २०२१च्या कायद्यानुसार सेंटरची नोंदणी लागते, तीही विचारा, त्यात कसली भीड.

आम्ही सध्या थांबलोय. पुढे काय ते ठरलेलं नाही. सहानुभूती नको, फक्त "सोडून दे, मग होईल बघ" हे कोणी लिहू नका.

टेकडीवाली

थांबलेली, तुझा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगाचा आहे. सिंहगडरोडकरीण, हा जपून ठेव. लेट्रोझोलने साधारण सहा वेळा बीज सुटूनही राहिलं नाही, किंवा मोठ्या डोसलाही फॉलिकल वाढलंच नाही, की पुढचा विचार करतात. आयव्हीएफ वाईट नाही, पायरी तिसरी आहे. नळ्या बंद असतील किंवा नवऱ्याचा रिपोर्ट फारच खराब असेल तर ती पहिली होते.

वय ३५च्या पुढे असेल तर हा सगळा वेळही आखडता घ्यायचा.

सिंहगडरोडकरीण

बऱ्याच दिवसांनी येतेय. नवऱ्याचा रिपोर्ट ठीक आला, हालचाल काठावर आहे, दोन महिन्यांनी पुन्हा करायचाय. सेंटर बदललं. नवीन डॉक्टरांनी नवऱ्यालाही खुर्चीत बसवून सगळं समजावलं. माझी दोन तासांची साखर १५२ आली, म्हणजे मधुमेह नाही पण त्या वाटेवर. बी१२ कमी. लेट्रोझोल सुरू झालं.

पहिलं फॉलिक्युलर झालं. १२व्या दिवशी काहीच नाही, सगळी बारीक बारीक. १६व्याला एक ११चं. डॉक्टर म्हणाल्या, हळू आहे, चार दिवसांनी या. तिथल्या बाकावर सगळ्या जणी एकमेकींना आकडेच विचारतात. "तुमचं किती?" "चौदा." "गर्भाशयाचं अस्तर?" "सात." दहावीच्या निकालाच्या दिवसासारखं वाटतं.

साताऱ्याला नवरा बोलला. आई दोन दिवस घुश्शात होत्या, मग त्यांनी स्वतः भाजलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा पाठवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळत नाहीये.

तळजाई_पहाटे

अर्थ काढू नकोस, करून खा. आणि भाजलेल्या पिठाची भाकरी थापता येत नाही, तेव्हा ते दुसऱ्याच कशाचं असणार, विचार त्यांना.

लॅबवाली

एक आधीच सांगून ठेवते. एचसीजीचं ट्रिगर मिळालं तर त्यानंतर दहा-चौदा दिवस घरी प्रेग्नन्सी टेस्ट करू नका. इंजेक्शनमध्ये तेच संप्रेरक असतं, पट्टी त्यावरच दोन रेघा दाखवते. आमच्याकडे पेढे घेऊन आलेल्या बाईला परत पाठवताना मला फार जड जातं. रक्तातलं बीटा एचसीजी डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

आणि राहिलंच, तर साखरेची तपासणी लवकर, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. आपल्याकडे जेवलेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी बघतात. १४० किंवा त्यावर आली तर गरोदरपणातला मधुमेह. तुमची आत्ताच १५२ आहे, तेव्हा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आठवण करा.

नवीन_सदस्य_पिंपरी

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वजन ९४ आहे म्हणून मी आठवड्याचं ते वजन कमी करायचं इंजेक्शन घेतेय, सेमाग्लुटाइड. उतरतंय छान. आणि पाळी एकदम नियमित आली आहे! आता प्रयत्न सुरू केला तर चालेल का? चेहऱ्यावरच्या पिंपल्ससाठी स्किनवाल्यांनी एक कॅप्सूलही दिली आहे.

गोळीबंद

थांबा, आज रात्रीपासूनच काळजी घ्या. पाळी नियमित झाली म्हणजे बीजही सुटत असणार, आणि असे दिवस अचानक राहतात. सेमाग्लुटाइड शरीरात खूप दिवस टिकतं, प्रयत्न सुरू करायच्या निदान दोन महिने आधी बंद करायचं असतं. तोवर निरोध वापरा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिलं त्यांना तारीख सांगून ठरवा, कारण सोडल्यावर भूक परत येते आणि त्याची तयारी लागते.

कॅप्सूलचं नाव बघा. आयसोट्रेटिनॉइन असेल तर ते गर्भाला फार घातक आहे, थांबवल्यानंतरही किमान महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर तेही सांगा. पाकिटावरचं नाव इथे लिहा, मी दुपारी दुकानातून बघून सांगते.

नवीन_सदस्य_पिंपरी

आयसोट्रेटिनॉइनच आहे. २० मिलिग्रॅम.

गोळीबंद

मग आज घेऊ नका, आणि स्किनवाल्यांना आत्ताच फोन लावा. शेवटची पाळी कधी आली? त्यानंतर संबंध आले असतील तर आधी टेस्ट करा.